उद्यापन नसलेलं व्रत

पत्र:

"मी मानेवाड्याला राहते. वय 36, सीताबर्डीवरच्या एका पतसंस्थेत नोकरी. सासरे 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेले. तीन दवाखाने फिरलो, बेड मिळाला नाही. त्यानंतर गल्लीतल्या एका काकूंनी ह्यांना सत्संगाला नेलं. तेव्हा खरंच आधार वाटला, खोटं कशाला बोलू. वर्षभराने मीही जायला लागले. सासूबाई तर कधी चुकवत नाहीत. रविवारी संध्याकाळची आरती होईपर्यंत त्यांचा निर्जळ उपास असतो, त्यानंतरही फक्त एखादं फळ. शुगरच्या गोळ्या तेवढ्या वेळेवर घेतात.

सुरुवातीला रविवारी कांदा-लसूण नको, एवढंच होतं. मग रोजच नको. मग बाहेरचं खाणं नको, सिरियल नको, नेलपॉलिश नको, मुलीच्या वाढदिवसाला केक नको, सत्संगात नसलेल्यांच्या लग्नात जेवण नको. प्रत्येक घराला एक 'आत्मपरीक्षण वही' दिली आहे. फुटपट्टीने लाल रेघा मारून नऊ रकाने. रोज रात्री लिहायची, रविवारी सत्संग चालवणाऱ्या ताईंना दाखवायची आणि ज्याचं चुकलं त्याने उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या मैत्रिणींसोबत टपरीवर तर्री पोहे खाल्ले. वहीत आहाराच्या रकान्यात बरोबरची खूण केली. पण सत्संगातल्या एकीने मला तिथे पाहिलं होतं. रविवारी ताई नाव न घेता म्हणाल्या, 'एकीच्या जिभेपायी अख्ख्या घराचं कवच फुटतं.' नेमकं त्याच रात्री सासूबाईंना घाम फुटला, हात थरथरायला लागले, चक्कर आली. मशीनवर शुगर 58 निघाली. साखरपाणी दिल्यावर बऱ्या झाल्या. एवढंच म्हणाल्या, 'पोहे खाल्ले होते न तू?' हे काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी माझी अकरा वर्षांची मुलगी हळूच म्हणाली, 'आई, मी पण मैत्रिणीच्या डब्यातली सांबारवडी खाल्ली होती. आजी त्याच्यामुळे पडली का?'

आता झोप लागत नाही. दिवसभरात काय काय चुकलं ते मोजत बसते, मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून. सोडून द्यावं म्हटलं तर नणंदेचं साक्षगंध सत्संगातल्याच घरी ठरलं आहे. येत्या रविवारी मी उभं राहून पोह्यांचं सांगावं, असा निरोप आला आहे. राहू का?"

ताई,

नका राहू.

का ते सांगते, पण आधी तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांवर बोट ठेवते. तुम्ही ती एकमेकांपासून लांब लिहिलीत, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसावं. एक, सासूबाईंचा रविवारी दिवसभर निर्जळ उपास असतो आणि शुगरच्या गोळ्या त्या वेळेवर घेतात. दोन, रविवारी रात्री शुगर 58 निघाली. मधुमेहाच्या माणसाची साखर 70 च्या खाली गेली की तातडीने गोड द्यायचं, हे तुम्ही केलंत ते अगदी बरोबर. पण ती उतरली कशाने? ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या पोटात अन्न असो नसो, आपलं काम करतच राहतात. दिवसभर पोट रिकामं आणि वरून गोळी, म्हणजे घाम, थरथर, चक्कर. सासूबाईंच्या पाकिटावर कोणतं नाव आहे ते वाचा आणि डॉक्टरांना रविवारच्या उपासाचं सरळ सांगा. त्यांनी स्वतःहून ते कधी सांगितलं नसणार. उपास म्हणजे काही आजार नाही, डॉक्टरांना काय सांगायचं, असं आपल्या बायकांना वाटतं.

एकीने खाल्लेल्या पोह्यांनी दुसरीची साखर उतरत नाही. जो उपास सत्संगात पुण्याचा म्हणून सांगितला जातो, त्याच्यावर मात्र कोणाचा संशय गेला नाही आणि आळ टपरीवर आला. तुमच्यावर आला. तिथून तो खाली घरंगळत एका अकरा वर्षांच्या पोरीच्या सांबारवडीपर्यंत गेला.

नागपुरात राहून तुम्ही मारबत पाहिली असेलच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघतात दोघी, काळी 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून. 'इडा पिडा घेऊन जाय गे मारबत' म्हणून सगळं शहर ओरडतं. शहराची रोगराई, भांडणं, वाईट दिवस, सगळं त्या पुतळ्यांवर टाकायचं, वाजतगाजत न्यायचं आणि जाळायचं. जुन्या लोकांना एवढं कळत होतं की घरात दुखणं आलं की माणसाला कोणावर तरी ते टाकावंसं वाटतं. त्यांनी ते कागदाच्या बाईवर टाकलं, घरच्या सुनेवर नाही.

आता वहीचं. तुम्ही पतसंस्थेत आहात, खातं कसं चालतं हे मी तुम्हाला शिकवायला नको. कोणी कर्ज घेतलं, हप्ते भरले, तर शेवटी त्याला काय मिळतं? बेबाकी दाखला. तुमच्याकडे काही येणं नाही, असं लिहून, सही-शिक्का मारून तुम्हीच देता. तसा दाखला त्या लाल रेघांच्या वहीत कुठल्या पानावर आहे? एवढ्या वर्षांत तुमच्या घराला कोणी म्हणालं का, की बाई, झालं, तुमचं फिटलं? मला वाटत नाही. विदर्भातल्या माणसाला सावकारी समजावून सांगावी लागत नाही. मुद्दल जागचं हलत नाही, व्याज वाढत जातं आणि वही कायम सावकाराच्या घरी. आपण किती देणं लागतो हे ऋणकोला ठाऊकच नसतं, ते दर वेळी सावकाराने सांगायचं. पहिल्या वर्षी तुमचं देणं रविवारच्या लसणाएवढं होतं. आज त्यात नेलपॉलिश आहे, केक आहे, लोकांच्या लग्नातलं जेवण आहे. तुम्ही जास्त पापी झालात का तेवढ्यात? दर वाढला, एवढंच.

अपराधी वाटणं ही मुळात चांगली गोष्ट आहे, हे मी ठासून सांगते. नाही तर लोक म्हणतील, ही बाई सगळ्यांना मोकाट सोडते. मी कोणाला टाकून बोलले तर रात्री मला टोचलं पाहिजे. टोचलं की सकाळी त्या माणसाकडे जायचं, चुकलं म्हणायचं, काही नुकसान केलं असेल तर भरून द्यायचं. मग ते टोचणं आपोआप विझतं. पण त्यासाठी समोर एक माणूस लागतो, ज्याचं आपण काहीतरी बिघडवलं आहे. तुमच्या पोह्यांनी कोणाचं काय बिघडलं? टपरीवाल्याचे पैसे दिलेत ना? मग ज्याची माफी मागायची तो माणूसच या गोष्टीत नाही. ताईंना तुम्ही काही केलेलं नाही आणि तरी कबुली त्यांच्यासमोर द्यायची आहे. इथेच सगळं आलं.

हे असं असायला पाहिजे असं आपल्या परंपरेतही कुठे नाही. माझी आजी चातुर्मासात कांदा-लसणाला शिवत नसे. पण आषाढातल्या कांदेनवमीला तिच्याच हातची कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याचा झुणका असा थाट असायचा आणि कार्तिकात चातुर्मास संपला की पहिल्याच फोडणीला लसूण. संकल्प तिचा तिने केलेला, कधी सुरू, कधी बंद, हे तिला माहीत. सोळा सोमवार सोळाच असतात, सतराव्याला उद्यापन. आजारी माणसाला, म्हाताऱ्यांना, मुलांना तर आधीपासूनच सूट. 'आतुरे नियमो नास्ति' हे वचन काही आम्ही शहाण्या लोकांनी काढलेलं नाही. पूजेत मंत्र चुकला, काही विसरलं, तर शेवटी गुरुजी दोन ओळींची क्षमाप्रार्थना म्हणवून घेतात आणि देव बिचारा तिथल्या तिथे खातं बंद करतो. तुमच्या सत्संगात व्रत आहे, पण त्याला उद्यापन नाही. सासूबाईंशी बोलाल तेव्हा ही गोष्ट बोला. विज्ञानापेक्षा ती त्यांना लवकर पटेल, कारण उद्यापनं त्यांनीही केली असणार.

तुम्ही एवढ्या शिकल्या-सवरल्या, आकडेमोडीत हुशार, तरी यात अडकलात कशा, असा प्रश्न तुम्ही पत्रात लिहिला नाही. पण मनात असेल म्हणून सांगते. 1966 साली जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या दोघांचा कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. घरोघरी जाऊन विचारायचं, 'गाडी जपून चालवा' असा मोठा, ओबडधोबड फलक तुमच्या अंगणात लावू का? सरळ जाऊन विचारलं तेव्हा शंभरातले सतराही जण हो म्हणाले नाहीत. पण काही घरांमध्ये साधारण दोन आठवडे आधी कोणीतरी येऊन गेलं होतं आणि त्याच अर्थाची इवलीशी पट्टी लावून घ्याल का, एवढंच विचारून गेलं होतं. त्या घरांपैकी 76 टक्के लोकांनी तो धूड फलक अंगणात घेतला. आधीच्या लहानशा होकाराने त्यांचं स्वतःबद्दलचं मत बदललं होतं: आपण या गोष्टीला हो म्हणणारी माणसं आहोत. तुमची पट्टी रविवारचा लसूण होती. केकचं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर तुम्ही हसून चपला घातल्या असत्या.

उभं राहून सांगण्याबद्दलही एक सांगते. रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने कम्युनिस्ट चीनमधल्या 'विचारसुधारणे'तून बाहेर पडलेल्या लोकांशी बोलून, 1961 साली अशा बंद वातावरणाच्या आठ खुणा मांडल्या. त्यातल्या दोन तुमच्या सत्संगात दिसतात: कधीच गाठता येणार नाही इतक्या शुद्धतेची मागणी आणि सगळ्यांसमोर कबुली. तिथे देव नव्हता, पक्ष होता. म्हणजे हा रोग धर्माचाच असं नाही. मला अशी पत्रं वेगवेगळ्या धर्मांच्या घरांतून येतात. रकाने वेगळे असतात, उभं राहणं तेच असतं.

आणि चार लोकांसमोर सांगायचं म्हटलं की माणूस काय करतो? लपवतो. तुम्ही बरोबरची खूण केलीत. पोहे खाण्यात काही वावगं नव्हतं, पण खोटी खूण केली हे तुम्हाला खरंच टोचतंय, कारण तुम्ही खोटं लिहिणारी बाई नाही. आधी नसलेला गुन्हा ठरवायचा, मग माणसाकडून खोटं बोलवून घ्यायचं आणि मग त्या खऱ्या टोचणीवर बोट ठेवून म्हणायचं, बघा, तुमचं मनच सांगतंय. मला यातलं हे सगळ्यात वाईट वाटतं.

तरी ताईंना खलनायिका करू नका. त्यांच्या घरीही तीच वही असेल आणि त्यांनाही कोणाला तरी दाखवावी लागत असेल.

आता ह्यांच्याबद्दल. इथे मला माझं थोडं सांगावं लागेल.

1994 साली माझे वडील किडनीच्या आजाराने गेले. त्या आठवड्यात मी एका पोथीचं पारायण धरलं होतं आणि तिसऱ्या दिवशी सोडलं, कारण दवाखान्यात रात्री थांबायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तेराव्याला एक नात्यातल्या बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, 'पारायण अर्धं सुटलं न, त्याचं असं होते बाई.' वाईट मनाने म्हणाल्या असं मला आजही वाटत नाही. पण ते वाक्य मी अकरा वर्षं वागवलं. कोणाला सांगितलं नाही. पोथीच्या कपाटाकडे पाठ करून झोपत असे. मग घर बदलताना वडिलांची फाईल सापडली. त्यात क्रिएटिनिनचा रिपोर्ट होता, आकड्याखाली डॉक्टरांनी पेनने दोनदा रेघ मारलेली आणि तारीख पारायणाच्या दोन महिने आधीची. मी जमिनीवर बसून ती तारीख कितीतरी वेळ वाचत होते. पोथी हातात घेण्याआधीच किडन्या गेलेल्या होत्या.

तुमचे हे त्या रात्री गप्प का बसले असतील? तुमच्यावर रागावून, असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, त्यांचं मन 2021 च्या एप्रिलमध्ये गेलं असेल. आई घामाने भिजलेली आणि आपण मशीन घेऊन उभे. तीन दवाखाने फिरलेला मुलगा दुसरं काय आठवणार? 'बेड नव्हता' हे वाक्य फार निर्दयी असतं. त्याचा अर्थ, तुझ्या हातात काहीच नव्हतं. 'घराचं कवच फुटलं होतं' हे त्यापेक्षा सोसायला सोपं, कारण मग निदान यापुढे कवच सांभाळता तरी येतं. लसूण टाळता येतो, वही लिहिता येते, पहाटे उठता येतं. सत्संगाने त्यांना हातात धरायला काहीतरी दिलं. म्हणून तुम्ही वहीवर हल्ला केलात, तर त्यांना तो बापाच्या आठवणीवर केल्यासारखा वाटेल.

त्यामुळे सत्संग बरा की वाईट यावर ह्यांच्याशी एक शब्द बोलू नका. एखाद्या संध्याकाळी अंबाझरीवर नाही तर फुटाळ्यावर चक्कर मारायला न्या आणि त्या दिवसाबद्दल विचारा. कोणत्या दवाखान्यात आधी गेलो, कोणाला फोन लावले, बाबा गाडीत काय म्हणत होते. तुम्ही सोबत होतात, तरी विचारा. ते रडले तर रडू द्या. 'आपण जेवढं करता येत होतं तेवढं केलं' हे वाक्य त्यांना त्यांच्या बायकोकडून ऐकायचं असेल. सत्संगातून ते कधीच येणार नाही, कारण ते एकदा आलं की वहीचं काम संपलं. एका फेरीत हे होणार नाही.

मुलीशी मात्र आजच बोला, जेवणं झाल्यावर. लांबण लावू नका. 'तुझ्या सांबारवडीने आजीला काही झालं नाही. आजीने दिवसभर काही खाल्लं नव्हतं आणि शुगरची गोळी घेतली होती, म्हणून साखर कमी झाली. खाण्यावरून कोणी आजारी पडतं ते स्वतःच्या खाण्यावरून, दुसऱ्याच्या नाही.' ती पुन्हा विचारेल. पोरं अशा गोष्टी तीनतीनदा विचारतात, दर वेळी तेवढंच सांगा. आणि 'हे आजीला सांगू नको हं' असं चुकूनही म्हणू नका. लपवायची सवय घरात आधीच पुष्कळ झाली आहे. वाढदिवसाला केक आणा. सासूबाईंना नको असेल तर त्यांनी खाऊ नये, शिऱ्याचा घास त्यांच्यासाठी. पण मेणबत्त्या फुंकताना पोरीच्या मनात आजीची शुगर नको.

लसणाचं तुम्हीच बघा. मला विचाराल तर स्वयंपाकघरात तो मुद्दाम आणून फोडणीला घालू नका, निदान इतक्यात तरी. ओटा सासूबाईंचाही आहे. टपरीवर खा ना, तर्री तिथेच चांगली लागते.

रविवार. भजनाला जावंसं वाटत असेल तर जा. तुम्ही लिहिलंत की आधार वाटला होता, तो खोटा नव्हता आणि गाणं तर तुमचंच आहे. मागे बसा. वह्या निघाल्या की उठा. कोणी थांबवलंच तर एक वाक्य: 'मला काही सांगायचं नाही.' का, असं विचारलं तरी तेच. इथे बायका हमखास फसतात. आपण कारण देतो, डोकं दुखतंय, पाहुणे आहेत, आणि मग त्या कारणाची चिरफाड सुरू होते, पाहुणे कोण, केव्हा आले. कारणच दिलं नाही तर पकडायला काही उरत नाही. वहीत तुमचे रकाने कोरे ठेवा. ह्यांनी, सासूबाईंनी आपापले लिहावे, त्यांना अडवू नका. पण खोटी खूण पुन्हा नको. ती तुम्हालाच महागात पडते.

याचे परिणाम होतील. दोघी-तिघी हळदीकुंकवाला यायच्या बंद होतील, एखादी बाजारात पाहून न पाहिल्यासारखं करेल. ते लागेल. साक्षगंध मोडेल ही भीती मात्र मी पत्रात दोनदा शोधली. तशी धमकी कोणी दिल्याचं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही, तुम्हीच ती आधीपासून धरून बसला आहात. नणंदेलाच विचारा की बाई, तुझ्या होणाऱ्या घरी वहिनीच्या पोह्यांवरून काही म्हणणं आहे का. तिला त्या घरात आयुष्य काढायचं आहे, उत्तर तिलाही कळलेलं बरं.

कायद्याचंही थोडं सांगते. जादूटोणाविरोधी कायदा, 2013 चा, इथे लागत नाही. त्यात अघोरी उपचार, चमत्काराच्या नावाने फसवणूक अशा गोष्टी येतात, रकान्यांच्या वह्या नाहीत. पण सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे, 2016 चा, जुलै 2017 पासून लागू. एकाच धर्माच्या किंवा पंथाच्या लोकांनी ठरवून एखाद्याशी व्यवहार तोडायचा, इतरांना तोडायला लावायचा, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. एखादी शेजारीण स्वतःहून घरी यायची थांबली तर तो गुन्हा नाही. गटावर फर्मान निघालं की या घराशी बोलायचं नाही, तर तो मेसेज जपून ठेवा. त्याची गरज पडू नये आणि बहुतेक पडणारही नाही. राज्यघटनेच्या 25 व्या कलमात धर्मपालनाच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य लिहिलं आहे, हेही एकदा वाचून ठेवा.

रात्री मोजत बसण्याबद्दल. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून, असं तुम्ही लिहिलंत, ते वाक्य मला आवडलं नाही. आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात ते हेच, मन एकाच फेऱ्यात घाण्याच्या बैलासारखं फिरत राहतं. धार्मिक अपराधीपणातून तो जडतो किंवा असलेला वाढतो आणि त्यावर उपचार आहेत. दोन आठवड्यांत कमी झालं नाही, तर मेडिकलच्या, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार विभागात जा. घराबाहेर पडणं जमत नसेल तर 14416 लावा. टेलिमानसची सरकारी सेवा आहे, फुकट, दिवसरात्र आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही कुठल्या सत्संगाला जाता हे तिथे कोणी विचारत बसणार नाही.

उरलेल्या गोष्टींना महिने लागले तरी चालतील. गोळ्यांचं तेवढं रविवारपर्यंत ठेवू नका. हे पत्र वाचाल तो गुरुवार असेल, संध्याकाळी दवाखाना उघडा असतो. पाकीट आणि मशीनवरचे आकडे घेऊन सासूबाईंना सोबत न्या आणि उपासाचं त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारा.